सागातली माशी

महालक्ष्म्यांच्या जेवणाच्या दिवशी घरात आवाज चढवायचा नाही, असा राजेश्रीच्या आईचा, नर्मदाबाईंचा दंडक होता. तो पाळला गेल्याचं एकही वर्ष तिला आठवत नव्हतं. मागच्या साली पुरणावरून झालं, त्याच्या आदल्या साली थोरल्या मुखवट्याच्या नथीवरून, आणि वडील, अण्णा, होते तोवर निमित्त बहुधा अण्णाच असत. यंदाचं निमित्त भर दुपारी ट्रॅक्टरला जोडून आखाड्याच्या, म्हणजे शेतातल्या घराच्या, फाटकाशी आलं. निळी टाकी, तिच्यावर वेटोळं घातलेली लांब नळी, आणि वर तोंडाला रुमाल बांधलेला चारठाण्याचा तात्याराव.

“टाकी भरूनच आणली, भागवतराव,” तो रुमाल खाली ओढत म्हणाला. “पाणी माझं, औषध तुमचं, पाप दोघांत अर्धं-अर्धं.”

राजेश्री ओसरीवर भाज्या चिरत बसली होती. तिने विळी आडवी केली.

“दादा, हे कशाला आलंय?”

थोरला भाऊ भागवत शर्टाच्या बाह्या दुमडत होता. त्याने तिच्याकडे न पाहता उत्तर दिलं. “साग फवारायचाय.”

“आज?”

“तात्यारावाला दुसरा दिवस मोकळा न्हाई. देवीला इचारलंय, तिची काही हरकत न्हाई.”

“मला इचारलं न्हाई.”

“तू देवी हायेस का?”

आतून थोरल्या वहिनींचं हसू ऐकू आलं आणि लगेच दाबलं गेलं.

आखाड्यामागच्या मुरमाड उतारावर मुंजाजींनी, म्हणजे अण्णांनी, सागाची रोपं लावली तेव्हा गावाने त्यांना वेड्यात काढलं होतं. जिथे तूर धड येत नाही तिथे सागवान काय येणार, असा गावाचा तर्क होता, आणि तर्क म्हणून तो चूक नव्हता. तरी साग आला. त्याच्यामागे पानांत जाळी पाडणारी अळी आली. अळीचा पतंग दिसायला गरीब, पिवळसर. अळी मात्र पानाचा हिरवा भाग तेवढा खाऊन शिरांची चाळण शिल्लक ठेवी. अण्णांनी या रानात एकदाही विष मारलं नाही. त्यात तत्त्व किती आणि चिक्कूपणा किती, हा प्रश्न राजेश्रीने अनिर्णित ठेवला होता. पण त्यामुळेच परभणीच्या कृषी विद्यापीठात शिकताना तिला अभ्यासाला जे रान हवं होतं ते घरच्या उतारावरच मिळालं. या अळीला पोटातून खाणाऱ्या बारीक गांधीलमाश्या तिथे होत्या, आणि अळीच्या अंगावर अंडी घालून निघून जाणाऱ्या करड्या माश्याही होत्या. जिंतूरच्या कॉलेजात ती हे शिकवी तेव्हा मुलं नाकं मुरडत, आणि परीक्षेत मात्र अचूक लिहीत.

यंदा भाद्रपद लागता लागता अळीने रान धरलं होतं. रस्त्यावरून पाहिलं तर सगळा उतार करपल्यासारखा दिसे.

“दादा, एकदा औषध मारलं की अळी मरंल, आणि अळीला खाणारंही मरंल,” राजेश्री म्हणाली. “अळी फिरून येती. तिचा पतंग कुठूनबी उडून येतो. खाणारं मातुर इतक्या लवकर फिरून येत न्हाई. मग दरसाल तात्यारावाला बोलवावं लागंल.”

“मी येईन की, ताई,” तात्याराव सौजन्याने म्हणाला.

“भक्ती!” राजेश्रीने स्वयंपाकघराकडे तोंड करून हाक मारली. “बाहेर ये बाई. दादा फवारायलाय.”

ही हाक विचारपूर्वक मारलेली होती. धाकटा भाऊ महारुद्र आणि त्याची बायको भक्ती रेशीम करत. सागाला लागूनच त्यांची तुती होती आणि तुतीपलीकडे किड्यांचं शेड. सागावर मारलेल्या विषाचा वारा तुतीवर आला तर तीच पानं खाऊन रेशमाचे किडे मरणार. मागच्या वर्षी भागवतने पंपाचं नाव काढलं तेव्हा भक्ती शेडाच्या दारात आडवी उभी राहिली होती, आणि नणंद-भावजयीची ती युती घरात कुणाला फोडता आली नव्हती.

भक्ती पुरणाचे हात पदराला न लावता बाहेर आली. तिने आधी ट्रॅक्टरकडे पाहिलं, मग नणंदेकडे.

“वन्सं, औंदा मी तुमच्या बाजूनं न्हाई.”

“आणि तुती?”

“तुती छाटून टाकली. पानच न्हाई तर इख कशावर बसंल? शेड रिकामं हाय.” तिचा आवाज सपाट होता. “तुमाला ह्यांनी सांगितलं न्हाई का? सगळी बॅच गेली.”

महारुद्र खांबाचा चुना नखाने खरवडत उभा होता. त्याने काही सांगितलं नव्हतं.

“किडे कोष करायला आले होते,” भक्ती म्हणाली. “ऐन टायमाला अंगावर काळे डाग. ज्याच्या अंगावर डाग तो गेला. ज्यांनी कोष केले त्यांच्या कोषाला भोकं. आतून पांढरी अळी निघायली, वन्सं. बाजारात व्यापाऱ्यानं पोतं उघडलं न परत बांधून हातात दिलं. चारचौघांत.”

“उझी माशी,” राजेश्री म्हणाली.

“नाव मला बी ठाऊक हाय. कुठून येती ते बी ठाऊक हाय. तुमच्या सागातून. मी बसून बघितलंय. ऊन तापलं की सागातून निघती न शेडाच्या जाळीवर येऊन बसती. एवढी फट सापडली तरी आत.” तिने पुरणाच्या बोटांनी फट दाखवली. “अण्णांचं रान, तुमची इद्या, समदं खरं. पण तुमच्या माश्या माझे किडे खायल्या.”

अळीचा वैरी तो रेशमाच्या किड्याचाही वैरी, कारण रेशमाचा किडा ही शेवटी एका पतंगाचीच अळी. सागातल्या अळीवर माशी बसली तर राजेश्रीला आनंद होई. तसलीच माशी बांध ओलांडून शेडात गेली की भक्तीचं दिवाळं निघे. दोन सख्ख्या भावांच्या रानांत निसर्गाने अशी वाटणी करून ठेवली होती, आणि तिच्यावर तहसीलदाराकडे अपील नव्हतं.

“मला एकच सांगा,” भक्ती म्हणाली. “तुमची सागातली माशी न माझ्या शेडातली माशी, एक का येगळी?”



“पुस्तकात येगळी,” राजेश्री म्हणाली. “इथली मी अजून पाहिली न्हाई.”

“म्हंजे येगळी?”

“म्हंजे माहीत न्हाई.”

भागवतने टाळी वाजवली. “ऐका! सरकारनं एवढं शिकवलं, अण्णानं एवढं शिकवलं, न उत्तर काय? माहीत न्हाई!”

“शिकले म्हणूनच माहीत नाही म्हणता येतं, दादा. न शिकलेल्याला सगळंच माहीत असतं.”

घरी आली की तिची भाषा घरची होई. भांडणात मात्र ती कॉलेजची होई, आणि ते नेहमी तिच्या विरोधात जाई. “झाली मास्तरीण,” भागवत म्हणाला, आणि औषधाचे डबे आणायला कोठीकडे वळला.

महारुद्रने तिला दंडाला धरून पायरीखाली नेलं. “ताई, कामून असं करायलीस? येगळी हाय म्हणून टाक की. भक्ती लगेच फिरती तुझ्याकडं. मी आन ती मिळून दादाला थोपवतो.”

“आणि एकच निघाली तर?”

“तवाचं तवा बघू.”

“तू बॅच गेल्याचं मला सांगितलं नाहीस, ते बी ‘तवाचं तवा’च ना?”

महारुद्रने दंड सोडला.

राजेश्रीने ओसरीच्या कोनाड्यातलं खुरपं घेतलं. “तात्याराव, औषध कालवू नका. मी बघून येते.”

“मी सावलीला हाय,” तात्याराव म्हणाला. “मला काय घाई? भाडं मीटरवर न्हाई.”

“नैवेद्याच्या आत काय ते निस्तरा!” आतून नर्मदाबाईंचा आवाज आला. “देवी जेवायला बसल्यावर मला तुमची तोंडं बंद पाहिजेत.”

सगळे तिच्यामागून सागात आले, भागवतसुद्धा, हातात डबा घेऊन. पायाखाली चाळण झालेली पानं चुरत होती. राजेश्री वर पाहत नव्हती; ती माश्या पाहत होती. भक्तीचं निरीक्षण खरं असणार हे तिने गृहीत धरलं होतं. निरीक्षण आणि निष्कर्ष या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि माणसं सहसा पहिलीत चुकत नाहीत.

माश्या होत्या. करड्या, पाठीवर काळे उभे पट्टे. पण त्या रानभर नव्हत्या. एकाच झाडाभोवती त्या दाट होत्या, आणि ते झाड कुणाला दाखवायची गरज नव्हती. अण्णांची रक्षा ज्याच्या बुडाशी पुरली होती, तो साग. त्याच्याभोवती गुडघाभर उंचीचा ढीग होता. तुतीच्या चघळलेल्या काड्या, वाळलेले देठ आणि किड्यांच्या काळ्या लेंड्या.

“हे शेडातलं हाय,” राजेश्री म्हणाली. “इथं कुणी आणून टाकलं?”

“मी,” भक्ती म्हणाली. “दर बॅचला टाकते. आत्याबाईंनी सांगितलंय.”

“कामून?”

“ज्या किड्यांच्या जिवावर घर चालतं त्यांचं उष्टं उकिरड्यावर जायाचं न्हाई, म्हणल्या. मामंजींच्या झाडाला घाल. टोपलं डोक्यावरून आणायचं, पायातलं काढून टाकायचं. मेलेले किडे बी त्यातच.” तिला आता ते सांगताना कुठेतरी टोचू लागलं असावं. “मी काय वाईट केलं का?”

राजेश्री उकिडवी बसली आणि खुरप्याने ढीग बाजूला सारला. खाली मातीत, मुळांच्या बेचक्यात, चिंचोक्याच्या रंगाच्या, शेंगदाण्याएवढ्या टणक कुप्या होत्या. मूठभर हाताला आल्या. पुष्कळशा रिकाम्या होत्या, टोपण उडाल्यासारख्या. एक भरलेली कुपी तिने नखाने सोलली. आत पंख न उघडलेली माशी होती, आणि पाठीवर तेच काळे पट्टे.

ती उठली आणि दुसऱ्या झाडाखाली गेली. तिथे खणलं. मग तिसऱ्या. मग पार बांधाकडच्या.

“तिकडं काय शोधायलीस?” महारुद्रने विचारलं.

“न सापडणारं,” राजेश्री म्हणाली. “सगळीकडं सापडलं असतं तर मी हरले असते.”

कुठेच सापडलं नाही. तिने हात झटकले आणि परत येऊन भक्तीसमोर कुप्या धरल्या.

“किड्याच्या अंगातून पांढरी अळी निघती ना, ती काड्यांत पडती. तिथून मातीत जाती आन अशी कुपी करती. कुपीतून माशी. तुझी माशी सागातून येती हे खरं हाय, भक्ती. पण सागात ती तुझ्याच टोपल्यातून आली.”

भक्ती कुप्यांकडे पाहत राहिली. मग तिने एक उचलली, खाली टाकली आणि पायाच्या अंगठ्याने दाबली. कुपी फुटल्याचा बारीक आवाज आला. तिने दुसरी दाबली.

“पायातलं काढून आणत होते मी ह्यांना,” ती म्हणाली.

“बरं मंग,” भागवत म्हणाला. “माश्या हितं हायेत. फवारलं की मरतील.”

“नळी तू पानावर मारणार. ह्या मातीत हायेत.”

“मंग पानाचं काय?” भागवतचा आवाज चढला. “तुला माश्यांची पडलीय, हिला किड्यांची. वर बघ की जरा! जाणारा-येणारा गाडी थांबवून इचारायलाय, मुंजाजीचं रान जळालं का म्हणून. अण्णा होता तवर हिरवं होतं, पोराच्या हाती आलं न जळालं. हे ऐकायला मी हाय हितं. तू जिंतूरला हायेस.”

तिने हाताशी आलेली फांदी वाकवली आणि एक पान उलटलं. दुमडीत अळी आकसून मेलेली होती, शेजारी तिला खाऊन बाहेर पडलेल्या गांधीलमाशीचा इवलासा पांढरा कोष.

“एका पानावरून रान चालतं व्हय?” भागवत म्हणाला.

या घरात कुणी विचारलेला हा पहिलाच शास्त्रीय प्रश्न होता, आणि तो नेमका भागवतने विचारावा याचं तिला वाईट वाटलं.

“न्हाई चालत,” ती म्हणाली. “तूच तोड. पाहिजे त्या झाडाचं. मी हात लावत न्हाई.”

भागवतने डबा खाली ठेवला. तो रागारागाने पानं ओरबाडत गेला, मुद्दाम लांबून लांबून, आणि एकेक पान उलटून पाहत राहिला. बऱ्याच पानांत आकसलेली अळी आणि पांढरा कोष होता. काहींत नुसती जाळी. एका पानावरची अळी मात्र चांगली धष्टपुष्ट होती आणि आपलं काम करत होती. ते पान त्याने बहिणीच्या नाकासमोर धरलं.

“ही?”

“जिती हाय.”

“मंग?”

“मंग ती जिती हाय, दादा. सगळ्या मेल्या असं मी म्हणाले न्हाई. ह्या वर्षीची पानं जाणार. साग पानं गेल्यानं मरत न्हाई. वाढ थोडी कमी होती, पुढं पालवी येती. पण आता विष मारलंस तर हे पांढरे कोष जातील, आन पुढच्या सालच्या अळीला रान मोकळं.”

“आन तुझं चुकलं तर?”

“तर ह्याच ठिकाणी येऊन चुकलं म्हणेन.”

भागवतने डबा उचलला.

“उद्या विसर्जन झालं की जिंतूरला जायचंय. हक्कसोड करून देणारेस तू. परवापासून ह्या रानात तुझं बोट बी न्हाई. दोन दिवस आधी फवारलं तर काय बिघडलं?” त्याने फाटकाकडे तोंड करून हाक मारली, “तात्याराव, कालवा!”

हे त्याने दुष्टपणाने म्हटलं नव्हतं. बहिणीने सही करून द्यायची, भावाने साडी-चोळी करायची. सगळ्या शिवारात असंच चालत होतं आणि राजेश्रीनेही हो म्हटलेलं होतं. तिचा त्या जमिनीवर जीव नव्हता असं नाही. फक्त नाही म्हणायला काही कारण तिला आजवर सापडलं नव्हतं.

“परवा न्हाई म्हणतोस,” ती म्हणाली. “म्हणजे आज हाय.”

“आज हाय, बरं. मंग?”

“मग आज मी न्हाई म्हणायले. आन उद्याचं बी आत्ताच सांगते. मी सही करणार न्हाई.”

“ताई!” हा आवाज महारुद्रचा होता. हिशोबात त्याचाही वाटा होता, हे बाकीच्यांच्या त्याच क्षणी ध्यानात आलं. तो दोन पावलं सरकून भागवतच्या बाजूला उभा राहिला. “अगं, माश्यांवरून वावर मागतं का कुणी?”

“मागत न्हाई. सोडत न्हाई.”

“बघा!” भागवत म्हणाला. “अळीचं निमित्त. पोटात हे होतं.”

“पोटात नव्हतं, दादा. तू आत्ता घातलंस.”

भक्ती अजून कुप्या दाबत होती. ती मान वर न करता नवऱ्याला म्हणाली, “तुमी हिकडं या. आधी माझी माती उकरा, मंग हिस्से मोजा.” महारुद्र हलला नाही. तशी तीच उठली आणि नणंदेशेजारी येऊन उभी राहिली.

ओरडा ऐकून तात्याराव बांधापर्यंत आला होता. त्याने डोक्यावरचा रुमाल काढून पुन्हा बांधला. “भागवतराव, सातबाऱ्यावरचं एक नाव न्हाई म्हणायलंय. मी न्हाई बा नळी उघडत. उद्या माझ्याच नावानं बोंब. पाणी जाताजाता उसाला सोडून देतो.”

“तात्या, तू बी?”

“मी कुणाचाच न्हाई. मी भाड्याचा हाय.” आणि तो खरोखरच निघून गेला. थोड्या वेळाने ट्रॅक्टर सुरू झाल्याचा आणि लांब जात असल्याचा आवाज आला.

त्याच वेळी नर्मदाबाई आल्या. काठापदराचं सोवळ्याचं लुगडं गुडघ्यापर्यंत धरून, अनवाणी. नैवेद्याची वेळ झाली होती आणि थोरल्या सुनेखेरीज एकही माणूस घरात नव्हतं. त्यांनी उकरलेला ढीग पाहिला.

“हे कुणी केलं?”

“मी,” राजेश्री म्हणाली.

भागवतने आईला अडवायचा प्रयत्न केला. “माय, तू घरी चल. हिचं काय ऐकायचं न्हाई.” पण राजेश्रीने सगळं सांगितलं. टोपलं, काड्या, पांढरी अळी, कुपी, माशी. सणाचा दिवस आहे, आईचं वय झालं आहे, भावना होती, यातलं एकही वाक्य तिने जोडलं नाही. ती वाक्यं खरी होती, पण माशीला त्यांच्याशी कर्तव्य नव्हतं.

नर्मदाबाईंनी ऐकून घेतलं. “म्हंजे दर बॅचला मी तुझ्या बापाच्या डोक्यावर माश्या वाढवल्या म्हण.”

“हो.”

“तोंड बघा पोरीचं,” नर्मदाबाई म्हणाल्या. “नुसतं हो.”

“माय, आता ही माती हातभर खोल काढावी लागंल. चाळून कुप्या जाळायच्या. न्हाईतर भक्तीची पुढची बॅच बी जाती.”

“त्या मातीत तेच हायेत.”

“ठाऊक हाय.”

“हितं खोरं लागायचं न्हाई.” आणि नर्मदाबाई सरळ पुढे गेल्या, ढिगाच्या उरलेल्या भागावर, सागाच्या खोडाला पाठ लावून बसल्या. पाय लांब केले. सोवळ्याला काड्या लागल्या, माती लागली; त्यांनी बघितलंही नाही. “उकर आता.”

भागवत बहिणीकडे पाहत होता. त्याच्या चेहऱ्यावर राग होता, पण त्याहून जास्त एक प्रकारची उत्सुकता होती. आईपुढे ही काय करते ते त्याला पाहायचं होतं. महारुद्र जमिनीकडे पाहत होता. लांब घरातून थोरल्या वहिनी हाका मारत होत्या, की आरती कोण करणार.

भक्तीने तुतीच्या बांधावरचं खोरं आणून नणंदेच्या हातात दिलं.

राजेश्रीने पदर खोचला. तिने ढिगाच्या कडेपासून सुरुवात केली, आईपासून सगळ्यात लांबच्या बाजूने. पहिलं खोरं भरून माती बाजूला टाकली. भक्ती खाली बसून ती माती बोटांनी चाळू लागली आणि कुप्या टोपल्यात टाकू लागली. राजेश्री खोडाभोवती गोल फिरत गेली, मुळांना धार न लागेल अशी तिरपी खणत, आणि हळूहळू आईच्या जवळ आली. घरातून घंटा वाजली, थांबली. नर्मदाबाई समोर बघत होत्या.

खोऱ्याचं पातं त्यांच्या टाचेपासून वीतभर अंतरावर येऊन टेकलं. राजेश्रीने ते उचललं, पण आपटलं नाही. वर धरून उभी राहिली.

“पाय, माय,” ती म्हणाली.

नर्मदाबाईंनी तिच्याकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग त्यांनी गुडघे वर घेतले, लुगडं आवरलं आणि पाय पोटाशी ओढून घेतले.